मेंदूतला निचरा दिसतो कसा?

एमआरआयचं ते भलंमोठं पाकीट आता कोकणातल्या पुष्कळ घरांत कपाटावर ठेवलेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं विसरणं वाढलं, डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला, मग रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, मुंबई असं जिथे जमेल तिथे जाऊन तो काढला आणि पाकीट घरी आलं. आतल्या रिपोर्टातली इंग्रजी वाक्यं नातू वाचून दाखवतो. मेंदू वयाप्रमाणे थोडा आकसला आहे, बारीक रक्तवाहिन्यांमुळे पडलेले जुने डाग आहेत, आणि त्याखाली बऱ्याचदा एक ओळ असते: ‘प्रॉमिनंट व्हर्चो-रॉबिन स्पेसेस’. या ओळीशी कुणी थांबत नाही. डॉक्टरही ‘वयाप्रमाणे असतं ते’ एवढंच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात गेल्या दहा-बारा वर्षांत जी मोठी घुसळण चालू आहे, ती नेमकी या जागांभोवती आहे. म्हणून ही ओळ जरा समजून घ्यायला हवी.

मेंदूत शिरणारी रक्तवाहिनी एकटी आत जात नाही. तिच्याभोवती एक अरुंद पोकळी असते, ती तिच्यासोबत आत उतरते, आणि या पोकळीत पाणी असतं. जर्मनीचे रुडॉल्फ व्हर्चो आणि फ्रान्सचे शार्ल रोबँ यांनी १८५० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांची नावं. तरुण, निरोगी मेंदूत ती इतकी बारीक असते की साध्या एमआरआयवर क्वचितच नजरेत भरते. वयाबरोबर ती रुंदावते, आणि बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं तर आणखी रुंदावते. एमआरआयच्या ‘टी-टू’ नावाच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. रक्तवाहिनी त्या चित्राच्या पातळीतून आडवी जात असेल तर तिच्या पोकळीची पांढरी रेघ दिसते, चित्राला छेदून जात असेल तर पांढरा ठिपका. रुंदी सहसा ३ मिलिमीटरच्या आत. एखाद्या लहानशा झटक्याने मेलेल्या भागाचा डागही असाच दिसू शकतो. म्हणून रेडिओलॉजिस्ट शेजारी ‘फ्लेअर’ हे दुसरं चित्र ठेवून बघतात. त्यात पोकळीतलं पाणी काळं होतं. मेलेल्या भागाच्या कडेला मात्र बऱ्याचदा पांढरी किनार उमटते. थोडेफार ठिपके कुणाच्याही चित्रात असतात, त्यांची धास्ती घेऊ नये. ते मेंदूच्या तळाकडच्या केंद्रांत दाटलेले असतील तर बीपीने बारीक रक्तवाहिन्यांवर केलेल्या परिणामाकडे डॉक्टरांचं लक्ष जातं. वरच्या बाजूच्या पांढऱ्या भागात दाटलेले असतील, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत असल्याची शंका घेतली जाते.

या पोकळ्यांचं काम काय, हा प्रश्न दीडशे वर्षं जवळपास तसाच पडून होता.

शरीराच्या इतर भागांत पेशींनी टाकलेला मळ, जादा पाणी आणि प्रथिनं वाहून नेण्यासाठी लसिकावाहिन्यांचं जाळं असतं. मेंदूच्या गाभ्यात हे जाळं नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर स्वस्थ बसलेलं असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. एवढा खर्च म्हणजे तेवढा मळही आला. त्यात अमायलॉइड बीटा आणि टाऊ ही दोन प्रथिनं असतात. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत हीच साचलेली सापडतात. ती रोज तयार होतात, तुमच्या-माझ्या मेंदूतही होतात. मग ती जातात कुठे? मेंदूभोवती आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत मिळून सुमारे १५० मिलिलिटर पाणी असतं, डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवं पाणी तयार होतं. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. मेंदूला धक्क्यापासून जपणं हे त्याचं काम पाठ्यपुस्तकांत असायचं. पण नुसतं जपायचं असेल तर पाणी इतक्या वेळा बदलायचं कारण काय?

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये पॅट्रिशिया ग्रेडी आणि मार्शल रेनेल्स यांनी प्राण्यांच्या सीएसएफमध्ये एक खूण पटवणारं द्रव्य सोडलं. काही मिनिटांतच ते रक्तवाहिन्यांभोवतालच्या पोकळ्यांतून मेंदूत खोलवर पोचलेलं त्यांना दिसलं. धमन्यांचे ठोके कमी केले की हे आत जाणं मंदावत होतं. इतरांना हा प्रयोग तसाच करून दाखवता आला नाही, आणि विषय बाजूला पडला. पुढची पंचवीस वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही, याची आज हळहळ वाटते.

तो पुन्हा वर आला तो दोन वेगळ्या शोधांच्या आधाराने. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच आठवड्यात दोन नोबेल जाहीर झाली. वैद्यकाचं पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना, एमआरआयसाठी. रसायनशास्त्राचं पीटर आग्रे यांना, रॉडरिक मॅककिनन यांच्यासोबत. आग्रे यांनी पेशीच्या आवरणातलं पाणी जाण्याचं दार शोधलं होतं, ॲक्वापोरिन. एमआरआय शरीरातल्या पाण्याचं चित्र काढतं आणि ॲक्वापोरिन पाण्याला वाट देतं. या दोन्ही गोष्टी पुढे मेंदूच्या निचऱ्याच्या अभ्यासात एकत्र येणार होत्या. मेंदूत ॲस्ट्रोसाइट नावाच्या तारकेच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे पसरट पाय प्रत्येक रक्तवाहिनीला बाहेरून वेढून बसलेले असतात. व्हर्चो-रॉबिन पोकळीची बाहेरची भिंत म्हणजे हे पाय. आणि त्या पायांवर, रक्तवाहिनीकडे तोंड करून, ॲक्वापोरिन-४ ही पाण्याची दारं दाटीवाटीने बसलेली असतात. पेशीच्या दुसऱ्या बाजूंवर ती इतकी दाट नसतात.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड आणि जेफ्री इलिफ यांनी जिवंत उंदराच्या कवटीला बारीक खिडकी पाडून, सीएसएफमध्ये चमकणारं द्रव्य सोडून, पाणी कसं जातं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. धमनीच्या कडेने पाणी आत येतं, पेशींच्या मधल्या फटींतून झिरपतं, आणि शिरांच्या कडेने बाहेर पडतं, असं चित्र त्यांनी मांडलं. आगरातलं शिंपण ज्याने बघितलं आहे त्याला ते चटकन समजेल: पाटाने पाणी येतं, पोफळींच्या आळ्यांतून मुरत पुढे सरकतं आणि खालच्या अंगाच्या चराने निघून जातं, जाताना मातीतलं काहीबाही सोबत नेतं. ज्या उंदरांत ॲक्वापोरिन-४ ची दारंच नव्हती, त्यांच्यात मेंदूत सोडलेलं द्रव्य बाहेर पडण्याचा वेग सुमारे ७० टक्क्यांनी घटला. अमायलॉइडही रेंगाळलं. ॲस्ट्रोसाइट ज्या गटातल्या, त्या ग्लियल पेशींच्या मदतीने चालणारी ही लसिकेसारखी व्यवस्था, म्हणून तिचं नाव ठेवलं ग्लिम्फॅटिक. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की उंदीर झोपला की त्याच्या मेंदूतल्या पेशींमधली फट रुंदावते, मेंदूच्या १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर जाते, आणि अमायलॉइड दुप्पट वेगाने बाहेर पडतं.

झोपेचा हा निष्कर्ष वर्तमानपत्रांनी उचलून धरला. ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ हे वाक्य सगळीकडे फिरलं. शास्त्रज्ञांमध्ये मात्र त्यावर एकमत नाही. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये निक फ्रँक्स यांच्या गटाला उंदरांत नेमकं उलट आढळलं: झोपेत आणि भुलेत द्रव्य बाहेर पडण्याचा वेग कमी झाला. मोजण्याची पद्धत वेगळी, द्रव्य वेगळं, त्यामुळे वाद अजून चालू आहे. त्याचा निकाल उंदरांवर लागेलसं मला वाटत नाही. माणसाच्या मेंदूत काय घडतं ते बघितल्याशिवाय तो मिटायचा नाही, आणि म्हणून फोटोचं महत्त्व.

माणसाच्या कवटीला खिडकी पाडता येत नाही. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात पेर क्रिस्टियन आयडे आणि गेईर रिंगस्टाड या दोघांनी दुसरी वाट काढली. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं औषध त्यांनी कमरेच्या मणक्यातून, सुई घालून, थेट सीएसएफमध्ये सोडलं. मात्रा अगदी थोडी, सुमारे अर्धा मिलिलिटर. या कामासाठी ते औषध मंजूर नाही, चुकून जास्त गेलं तर जीवावर बेतू शकतं, म्हणून परवानगी घेऊन, काटेकोर देखरेखीखाली हे केलं गेलं. मग त्याच माणसाचा एमआरआय पुन्हा पुन्हा काढला: काही तासांनी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. आधी औषध मेंदूभोवती पसरतं. मोठ्या धमन्यांच्या कडेने ते मेंदूच्या पृष्ठभागातून आत शिरताना दिसतं. चोवीस तासांच्या आसपास मेंदूत सर्वाधिक भरतं, आणि त्यानंतर हळूहळू ओसरतं. उंदरात जे मिनिटांत दिसलं, त्याला माणसात दिवस लागतो.

ऑस्लोच्या पहिल्या रुग्णांत अनेकांना नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस हा आजार होता. मेंदूच्या आतल्या पोकळ्या पाण्याने फुगतात, माणूस पाय जमिनीला चिकटल्यासारखा घसटत चालतो, लघवीवरचा ताबा जातो आणि विसरू लागतो. १९६५ मध्ये कोलंबियाचे सॅलोमन हाकिम यांनी याचं वर्णन केलं. या रुग्णांत औषध मेंदूत शिरायलाही उशीर होत होता आणि बाहेर पडायलाही. चोवीस तासांनंतरही ते रेंगाळलेलं दिसलं, तेही एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे स्मृतीच्या दाराशी असलेल्या ज्या भागाला अल्झायमर फार लवकर ग्रासतो तिथे. पुढे २०२१ मध्ये याच गटाने काही लोकांना एक रात्र जागं ठेवून बघितलं. जागरण केलेल्यांच्या मेंदूतून औषध बाहेर पडायला उशीर झाला, आणि दुसऱ्या रात्री झोप काढूनही तो उशीर भरून निघाला नाही. जागरण केलेली माणसं या अभ्यासात सातच होती, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण तो माणसांवरचा आहे.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडला आणखी एक महत्त्वाचा पुरावा मिळाला. मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी कमरेत नळी घातलेल्या पाच रुग्णांना, त्यांच्या संमतीने, त्याच नळीतून गॅडोलिनियम देऊन एमआरआय काढला. सीएसएफ व्हर्चो-रॉबिन पोकळ्यांतून मेंदूत जाताना स्पष्ट दिसला. रिपोर्टात ज्या जागा नुसत्या नोंदवल्या जातात, त्या खरोखर पाण्याच्या वाटा आहेत, हे जिवंत माणसात बघायला मिळालं.

‘पाठीतून पाणी काढणं’ म्हटलं की आपल्याकडे घरचे लोक दचकतात, आणि पाठीतून औषध आत सोडून तीन दिवस फोटो काढत बसणं कुठल्याच सर्वसाधारण रुग्णालयाला झेपणारं नाही. म्हणून सुईशिवायची पद्धत हवी होती. जपानच्या नागोया विद्यापीठातले रेडिओलॉजिस्ट तोशियाकी ताओका यांनी ती २०१७ मध्ये सुचवली. आज जगभर विसराळूपणाच्या रुग्णांवरच्या या विषयातल्या शोधनिबंधांत बहुतेक ठिकाणी तीच वापरलेली दिसते. तिचं नाव एएलपीएस निर्देशांक, बोलताना आल्प्स. ही कल्पना सुंदर आहे, म्हणून ती जवळून बघू.

डिफ्यूजन टेन्सर नावाचा एमआरआय पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने किती सहज सरकतात ते मोजतो. मेंदूच्या मध्यभागी, डाव्या-उजव्या अंगाला, पाण्याच्या दोन लांब पोकळ्या आहेत. त्यांच्या भिंतीलगत बाहेरच्या बाजूला बारीक शिरा आडव्या, डावी-उजवीकडे धावतात. त्यांच्याभोवतीच्या पोकळीतलं पाणीही त्याच दिशेने सरकणार. योगायोग असा की नेमक्या त्याच ठिकाणी मज्जातंतूंचे दोन गठ्ठे आहेत, एक वर-खाली जाणारा आणि दुसरा पुढे-मागे जाणारा. शिरा, पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा, तिघंही एकमेकांना काटकोनात. मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं सरकायला अडतं. आता वर-खाली जाणाऱ्या गठ्ठ्यात बघा. तिथे डावी-उजवी आणि पुढे-मागे या दोन्ही दिशा आडव्याच. नुसते तंतू असते तर दोन्हींकडे पाणी सारखंच सरकलं असतं. पण डावी-उजवीकडे शिरांच्या पोकळ्याही आहेत. म्हणून त्या दिशेला जे थोडं जास्त भरतं, ते पोकळीतल्या पाण्याचं धरायचं. दुसऱ्या गठ्ठ्यात हाच हिशेब वर-खाली दिशेशी तुलना करून मांडायचा. मग दोन्ही ठिकाणच्या डावी-उजवी आकड्यांची सरासरी वर, आणि उरलेल्या दोन आकड्यांची सरासरी खाली, असा भागाकार. उत्तर १ आलं तर पोकळ्यांचा काही वेगळा हातभार दिसत नाही. १ च्या जितकं वर, तितकी वाट मोकळी. सुई नाही, औषध नाही, मशीनमध्ये आणखी काही मिनिटं पडून राहायचं एवढंच.

ताओका यांनी पहिल्या अभ्यासात ३१ जण घेतले होते, त्यात अल्झायमरचे रुग्ण होते आणि नुसती विसराळूपणाची तक्रार असलेलेही होते. एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी, ज्यात तारीख-वार, जागा, तीन शब्द लक्षात ठेवणं, १०० मधून ७ वजा करत जाणं असले प्रश्न असतात; त्या चाचणीत ज्यांना गुण कमी, त्यांचा निर्देशांकही कमी निघाला. त्यानंतर अल्झायमर, त्याच्या आधीची सौम्य बोधनक्षीणता, पार्किन्सन, घोरण्याचा झोपेतला आजार, बारीक रक्तवाहिन्यांचा आजार, अशा एकामागून एक गटांत तो कमी आढळत गेला. २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या ह्यू मार्कस यांच्या गटाने ब्रिटनच्या बायोबँकेतल्या सुमारे ४० हजार माणसांचे एमआरआय तपासले. ज्यांचा हा निर्देशांक कमी होता, सीएसएफ तयार करणारी ग्रंथी मोठी झालेली होती, किंवा सीएसएफ मेंदूत शिरण्याचा वेग कमी होता, त्यांना पुढच्या वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता जास्त निघाली. आणि ज्या गोष्टींनी हृदय बिघडतं, त्यांच्याशी निचरा बिघडण्याचा संबंध दिसला. त्यात बीपी ठळक होतं.

एवढं सगळं असूनही, हा निर्देशांक निचरा मोजतो का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. २०२४ मध्ये ऑस्लोच्या रिंगस्टाड यांनीच त्यावर सविस्तर टीका केली. निर्देशांक मेंदूच्या एका छोट्याशा कोपऱ्यात मोजला जातो, तोही शिरांभोवती. आत शिरणारं पाणी तर धमन्यांच्या कडेने येतं. पाण्याचं सरकणं आणि पाण्याचं वाहणं या वेगळ्या गोष्टी. शिवाय बीपीने किंवा वयाने मज्जातंतूच खराब झाले असतील तर पोकळ्यांना काहीही न होता भागाकार बदलेल. डोकं मशीनमध्ये थोडं तिरकं असलं तरी दिशांचा हिशेब बिघडतो. ताओका यांनी स्वतःही या मर्यादा मान्य केल्या आहेत. दुसरीकडे चीनमधल्या हांगझोऊच्या डॉक्टरांनी बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या रुग्णांत सुईची पद्धत आणि आल्प्स दोन्ही वापरून बघितलं, आणि दोन्हींचा मेळ बसला.

माझं मत असं की शेकडो-हजारो माणसांच्या सरासरीतून आजाराची दिशा कळण्यासाठी हा निर्देशांक उपयोगाचा आहे. एका माणसाच्या रिपोर्टावर तो छापून, त्याच्या जोरावर तुम्हाला अल्झायमर होणार की नाही हे सांगणं आज चुकीचं ठरेल. कुठे कुणी त्यासाठी जादा पैसे मागितले तर ते देऊ नयेत. साधा एमआरआय किंवा सीटी मात्र जरूर काढावा, आणि त्याचं कारण निराळं आहे.

पावसाळ्यात खळ्यावर शेवाळ धरतं. आजोबा पाय घसरून पडतात, डोक्याला थोडं लागतं, टेंगूळ येतं आणि जातं. तीन-चार आठवड्यांनी ते बोलताना अडखळू लागतात, दिवसा झोपतात, माणसं ओळखेनासे होतात. ‘वय झालं’ म्हणून घरचे सोडून देतात. डोक्याच्या आत, कवटी आणि मेंदूच्या मधे, रक्त हळूहळू साचलेलं असू शकतं. साध्या सीटीवर ते दिसतं, आणि बऱ्याचदा बारीक भोक पाडून काढता येतं. हायड्रोसेफॅलसच्या पुष्कळ रुग्णांना शंट नावाची नळी बसवून पाण्याला वाट दिली की चालणं सुधारतं, काहींची स्मृतीही. थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता या रक्ततपासणीत कळणाऱ्या गोष्टी. विसरणं वाढलं की या चार गोष्टी तपासून बाजूला केल्याशिवाय ‘म्हातारचळ’ हा शब्द कुणी उच्चारू नये, असं मला फार वाटतं.

रत्नागिरी जिल्ह्यात हे बोलायला आणखी एक कारण आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा घटला. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, हे प्रमाण राज्यात सर्वांत जास्त. कमावती माणसं मुंबई-पुण्याला, घरी आई-वडील, बऱ्याच घरांत एकटी आई. आता दुसरा आकडा बघा. मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर ज्येष्ठांचं लासी नावाचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यातल्याच चार हजारांवर माणसांची स्मृती दिल्लीच्या एम्सच्या सहभागाने बारकाईने तपासली गेली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: साठी ओलांडलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. खेड्यात एकट्या राहणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या म्हाताऱ्या बाईचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कोकणातल्या वाडीवाडीत ती आहे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, त्यामुळे मनाच्या आणि मेंदूच्या आजारांशी या गावाची ओळख जुनी. पण त्याच नावाची लोकांच्या मनात भीतीही आहे. आई विसरते हे सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून घरं गप्प राहतात.

निचऱ्याच्या शास्त्रातून आज हाती येणारं सगळ्यात ठोस सूत्र बीपीचं आहे. पाणी आत ढकलायला धमनीचे ठोके लागतात. २०१८ मध्ये उंदरांत दिसलं की बीपी वाढवलं की धमनीची भिंत वेगळ्या तऱ्हेने हलते आणि पाणी उलट्या दिशेला सरकून पुढे जाणारा प्रवाह कमी होतो. वर्षानुवर्षं चढ्या बीपीने धमनी ताठर झाली तर मेंदूचं हे शिंपण मंदावणार, हा तर्क सरळ आहे. आणि माणसांत, अमेरिकेतल्या स्प्रिंट-माइंड या २०१९ च्या चाचणीत, वरचं बीपी १२० च्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्या गटात सौम्य बोधनक्षीणतेचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झालं. किती खाली आणायचं हे प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टर ठरवतील. पण ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करणं, पाकीट संपलं की पुढच्या बाजारापर्यंत थांबणं, आणि पावसाळाभर सुकी मासळी, पापड, लोणच्यातून येणाऱ्या मिठाकडे दुर्लक्ष करणं, या आपल्याकडच्या नेहमीच्या गोष्टी थेट इथे येऊन भिडतात.

दुसरी गोष्ट झोप. झोपेत निचरा वाढतो की नाही यावर प्रयोगशाळांत वाद असला, तरी २०१९ मध्ये बॉस्टनच्या लॉरा लुईस यांनी एमआरआयमध्येच झोपलेल्या माणसांत बघितलं की गाढ झोपेत सीएसएफच्या मोठ्या, संथ लाटा मेंदूत आत-बाहेर करतात. जागेपणी त्या अशा नसतात. जोरात घोरणारा, झोपेत मधेच श्वास थांबून दचकणारा माणूस गाढ झोपेला मुकतो. त्यावर उपचार आहेत. झोपेच्या गोळ्यांविषयी मात्र जपून. २०२५ मध्ये झोल्पिडेम या गोळीने उंदरांत झोप आली, पण झोपेतला निचरा मंदावला, असं कोपनहेगनमधून प्रसिद्ध झालं. माणसात तसंच होतं असा त्याचा अर्थ नाही, आणि चालू गोळी एकाएकी तोडू नये. पण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं झोपेची गोळी आणून देण्याची सवय तरी सोडायला हवी.

एक गोष्ट मला या सगळ्या संशोधनात विशेष आशेची वाटते. पोर्टलँडच्याच शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमध्ये ॲक्वापोरिन-४ ची दारं कुठे बसली आहेत ते मोजलं. अल्झायमर झालेल्यांत ती रक्तवाहिनीकडच्या बाजूवरून विखुरलेली होती. पण ८५ वर्षं ओलांडूनही ज्यांची स्मृती शाबूत होती, त्यांच्या मेंदूत ती जागच्या जागी होती. वय झालं की हे व्हायचंच, असं त्या मेंदूंकडे बघून म्हणता येत नाही.

चाकरमान्यांनो, गणपतीला घरी जाल तेव्हा आई-वडिलांचं बीपी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि लिहून ठेवा. रात्री ते कसे झोपतात, घोरतात का, किती वेळा उठतात, ते एक-दोन रात्री जागून बघा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. चालणं घसटतं झालं असेल, गेल्या काही महिन्यांत डोक्यावर पडले असतील, रोजच्या स्वयंपाकात किंवा पैशाच्या हिशेबात आता चुका होऊ लागल्या असतील, तर परतीचं तिकीट पुढे ढकला आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.